मन्नूबियाचे वाळवण

भूमध्य समुद्रावर सकाळ उगवली ती निळ्या अंगाची, सोनेरी काठाची. पाणी निळे, आकाश निळे, आणि दोहोंच्या मधोमध चुन्याने न्हालेले ट्युनिस शहर, पांढरे, शुभ्र, डोळे दिपवणारे. वाऱ्याला मिठाचा वास होता, आणि मिठामागून कुठूनसा येणारा जाईचा मंद गंध. ग्रीष्म ऐन भरात होता. प्रवाशांचे अजस्र जहाज धक्क्याला लागले आणि त्याची शिडी खाली आली.

शिडीवरून कुंदा उतरली. साताऱ्याची कुंदा, साठी उलटलेली, अंजिरी साडीतली, डोळ्यांत नवलाई मावत नव्हती अशी. मागून तिचे यजमान भालचंद्रराव. जर्मनीतल्या मुलाने हौसेने ही सागरसफर घडवली होती. उतरताना वाटाड्याने सर्वांना बजावले होते, जुन्या शहरात गर्दी असते, गळ्यातले सांभाळा. कुंदाचा हात तत्क्षणी गळ्याकडे गेला.

गळ्यात दोन वाट्यांचे मंगळसूत्र होते. एक वाटी सासरची, एक माहेरची. माहेरची वाटी आईने स्वतःच्या पाटल्या मोडून घडवली होती. आई गेली, भाऊ गेला, माहेरचे दार कायमचे मिटले. ती एवढीशी वाटी तेवढी उरली. जीव टांगावा तो तिथेच, असे ते सोने.

जुन्या शहराच्या गल्ल्या नागमोडी, सावळ्या, शीतल. निळी दारे, निळ्या दारांवर काळ्या खिळ्यांची नक्षी. एका निळ्या दाराशी कुंदा थबकली. दार उघडे होते. आत अंगण होते, अंगणात ऊन होते, आणि उन्हात पांढऱ्याशुभ्र चादरीवर पसरलेले रव्याचे पिवळसर, टपोरे, लक्ष लक्ष दाणे.

"अगं बाई! वाळवण!" कुंदा मोठ्याने म्हणाली.

आतल्या म्हातारीला शब्द कळला नाही, आनंद कळला. तिने हाताने खुणावले, ये, ये. भालचंद्रराव हसत म्हणाले, "जा, तुझी जातवाली भेटली! मी बसतो इथेच." आणि ते दाराबाहेरच्या कट्ट्यावर टेकले. कुंदाने उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि अनवाणी आत गेली.

म्हातारीने छातीवर तळवा ठेवला. "मन्नूबिया." मग तिने बोट वळवले, आणि तू? "कुंदा," कुंदाने सांगितले, आणि कोनाड्यातल्या जाईच्या कळ्यांकडे बोट दाखवून पुन्हा स्वतःकडे दाखवले, मी म्हणजे हे, अशीच फुलाच्या नावाची. मन्नूबिया खळखळून हसली. तिने नाव घोळवून घोळवून म्हटले, कुंदा, कुंदा, माहेरी हाक मारावी तसे.

परातीत रवा होता, पाण्याचा शिपका होता, आणि मन्नूबियाचे तळवे गोल गोल फिरत होते. रव्याचा कण कणाला बिलगत होता, दाणा होत होता. कुंदाने पदर खोचला आणि बसलीच. तिच्या तळव्यांना ही चाल ठाऊक होती. लग्नघरांतून गव्हले वळून वळून तिची बोटे झिजली होती. दोघी वळत राहिल्या, एकमेकींचा दाणा पाहून माना डोलावत राहिल्या. मन्नूबियाच्या सुनेने पुदिन्याचा गोड चहा आणला. मन्नूबियाने भिंतीशी उभा असलेला कमरेएवढा मातीचा रांजण दाखवला, काठोकाठ भरलेला, आणि हातानेच सांगितले, हे वर्षभराचे, लेकरांचे. बेगमी म्हणजे काय ते कुंदाला कुणी शिकवायला नको होते.

निघताना मन्नूबियाने जाईचा झुबका उचलला. कुंदाच्या पाठीशी उभी राहून तिने तो तिच्या अंबाड्यात खोवला. तिची थंडगार बोटे क्षणभर कुंदाच्या मानेवर टेकली. कुंदाचे डोळे भरून आले. आईनंतर कुणी तिच्या केसांत फूल माळले नव्हते.

गल्लीच्या वळणावर तिचा हात सवयीने गळ्याकडे गेला. गळा मोकळा होता.

ऊन काळे झाले. "अहो, माझं मंगळसूत्र!" आणि पुढचा विचार आला तो वाटाड्याच्या आवाजात. मानेवरची ती बोटे. ती थंडगार, हळुवार, मायाळू बोटे. काय ते मन माणसाचे! जे आत्ता अमृत होते त्याचे त्याने पापणी लवायच्या आत विष केले.

कुंदा धावत परतली, सवयीनेच उंबऱ्यापाशी चपला टाकून आत शिरली. "माझं मंगळसूत्र दे! दे म्हणते ना!" ती मराठीत ओरडत होती, गळ्याकडे बोट दाखवत होती, मग मन्नूबियाच्या बोटांकडे. मन्नूबियाला आधी काही उमगले नाही. मग सारे उमगले. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. तिने बाह्या उलट्या केल्या, ओचा झटकला, रिकामे तळवे पुढे धरले. मघाच्याच रव्याने माखलेले तळवे. दारात शेजारणी जमल्या, आणि त्या साऱ्या पाहत राहिल्या.

आणि कुंदाने काय करावे? ती रांजणाकडे धावली. तिची आई दागिने तुरीच्या डाळीत लपवी, ती स्वतः तांदळाच्या डब्यात लपवी. जिथे आपण लपवू तिथेच दुसरीने लपवले असणार, हा तिचा हिशेब. परक्या घरातल्या लेकरांच्या अन्नात तिने कोपरापर्यंत हात घातला. चाचपले, उपसले, ढवळले. रांजण कलला. रांजण फुटला. वर्षाची बेगमी फरशीवर धो धो वाहिली, पिवळसर, टपोरी, लक्ष लक्ष दाण्यांनी.

त्यात सोने नव्हते. सुनेने तोंडावर हात धरला. मन्नूबिया वाकली, पण दाणे गोळा करायला नव्हे. कुंदाची पावले अनवाणी होती, आणि खापऱ्या धारदार होत्या. त्या खापऱ्या तिने हाताने तिच्या पायांपासून दूर सारल्या. एक एक करून, मान खाली घालून सारल्या.

भालचंद्ररावांनी कुंदाला दंडाला धरून बाहेर काढले. जहाजावर पोचेपर्यंत ती एकच घोकत होती, "आईची वाटी गेली हो, आईची वाटी गेली."

खोलीत येऊन तिने साडी सोडली. निऱ्या सुटल्या आणि त्यांतून काहीतरी खणकन् खाली पडले. काळे मणी, सैल झालेला फासा, दोन वाट्या. पदराआडून घसरलेले मंगळसूत्र निऱ्यांच्या पोटात जाऊन बसले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण नातवंडांना तिनेच शिकवली होती.

ती वाट्यांकडे पाहत राहिली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे तिला वाटले. पण जहाजावर धरणी कुठली? "मी चोर म्हटलं हो तिला," ती म्हणाली. "तिच्या दारात. तिच्या सुनेसमोर. आणि ती माझे पाय जपत होती."

भालचंद्रराव खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "मिळालं ना? आता सोड. इथे आपल्याला ओळखतं कोण?"

कुंदाने कशीबशी साडी नेसली आणि ती शिडीच्या माथ्याशी जाऊन उभी राहिली. शिडी अजून खाली होती. धक्क्यावर टॅक्सीवाले अजून हाका मारत होते. जाऊन येण्याइतका दिवस होता. भाषा येत नाही म्हणावे, तर चोर ठरवताना भाषा कुठे आडवी आली होती? पाय धरायला कसली भाषा लागते? जा, कुंदा, जा, ती स्वतःला म्हणत होती. पण डोळ्यांपुढे ते दार येत होते, दारातले ते डोळे, फरशीवर गुडघे टेकून दाणे वेचणारी मन्नूबिया. त्या डोळ्यांपुढे उभे राहायचे या भयाने पाय शिळा झाले. ती उभीच राहिली, उभीच राहिली.

मग भोंगा झाला. साखळ्या खडखडल्या. शिडी उचलली गेली.

आणि शिडी उचलली गेली तेव्हा, बाई गं, तिला हायसे वाटले. आयुष्यात इतकी लाज तिला कशाचीच वाटली नव्हती, जेवढी त्या हायसे वाटण्याची वाटली.

भालचंद्रराव शेजारी येऊन उभे राहिले. ती हलकेच म्हणाली, "ओळखतं कोण म्हणालात ना? ओळखते एक. नावानिशी ओळखते."

सांज झाली. शुभ्र शहर गुलाबी झाले, गुलाबी शहर धूसर झाले, धूसर शहर पाण्यात बुडाले. अंबाड्यातल्या कळ्या त्या वेळीच उमलू लागल्या, कारण जाईला कुणाचा अपराध कळत नाही. कुंदाने हात उचलला, तो झुबका काढून समुद्रात टाकावा म्हणून. बांगड्यांच्या नक्षीत अडकलेले रव्याचे दाणे उन्हाच्या शेवटच्या तिरिपेत पिवळे दिसले. ते परक्या लेकरांचे होते. ती ते एक एक करून तळव्यावर काढू लागली, आणि काढून झाल्यावर तिने मूठ मिटली, आणि अंधार पडला तरी, किनारा दिसेनासा झाला तरी, तिने ती मूठ उघडली नाही.