दारातलं बोलणं

मित्रांनो, ऑफिसातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये हात घातलात, तर सुकलेली पेनं आणि मेलेले सेल बाजूला सारल्यावर बोटभर लांबीची एक काळी वस्तू लागेल. तोच मी. माणसांचा आवाज टिपून ठेवणारा रेकॉर्डर. माझ्या पोटात चारशे बायकांचे आवाज आहेत आणि मी त्यातला एकही विसरलेलो नाही.

कारखान्यात माझ्यापुढे कुणीतरी “एक, दोन, तीन” म्हटले, तेवढीच माझी परीक्षा. मग एका साबण कंपनीने मला विकत घेतले. गिऱ्हाइकाच्या मनात काय चालते ते शोधणारा तिचा एक विभाग होता. तिथे मी एका पाहणीवाल्या बाईंच्या हाती आलो. त्या दारोदार जाऊन प्रश्न विचारत. घरोघरच्या बायका त्यांना पहिल्या पाच मिनिटांत ‘ताई’ म्हणू लागत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईंची हातोटी वेगळीच होती. त्या आधी मला टेबलावर ठेवत, छापील प्रश्न विचारत आणि बायका शहाण्यासारखी, बेतशीर उत्तरे देत. मग ताई वही मिटत, पेन पर्समध्ये टाकत, मला उचलत आणि चपला पायात सरकवता सरकवता सहज विचारत, “बाकी घरी सगळं बरं ना?” की समोरची बाई घडाघडा बोलू लागे. कंपनीत याला ‘दारातलं बोलणं’ म्हणत. खरा माल तोच. मी तेव्हा ताईंच्या मुठीत चालूच असे. माझा लाल दिवा दिसू नये म्हणून ताईंनी त्यावर काळे नेलपॉलिश फासले होते. आठवड्याच्या बैठकीत साहेब मला तळहातावर नाचवत म्हणत, “हा आपला सगळ्यात हुशार माणूस.” खोटे कशाला बोलू, मी फुशारून जात असे.

एके दिवशी आम्ही चौथ्या मजल्यावरच्या एका घरी गेलो. घरातली बाई एका हॉटेलात दिवसभर कांदे-लसूण सोलायचे काम करी. खोली आरशासारखी लख्ख होती, पण तिने पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा ताईंनी नकळत श्वास रोखला. बाईच्या ते लक्षात आले. तिने हात पदराखाली घेतले.

छापील प्रश्न संपले. वही मिटली. दारात ताईंनी विचारले, “मुलगी कितवीत तुमची?”

“सहावीत. हुशार आहे हो. फक्त...” बाईने आवाज खाली आणला. “शाळेत पालकसभा होती. आदल्या दिवशी माझ्या कानात म्हणाली, आई, तू नको येऊस, तुझ्या हातांना वास येतो. मावशीला पाठव. मी सगळ्यांना सांगेन, हीच माझी आई.”

“मग?”

“मग काय, पाठवलं बहिणीला. माझीच साडी नेसवून.” ती हसायला गेली आणि रडली. “हे कुठं लिहू नका बरं. लेकीनं विश्वासानं सांगितलंय मला.”

“छे हो, वही तर केव्हाच मिटली. आपल्यातच राहील.” ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातात मी होतो.

बैठकीत ते रडणे तीनदा वाजवले गेले. पहिल्यांदा सगळ्यांनी हातातली पेनं खाली ठेवली, दुसऱ्यांदा साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली आणि तिसऱ्यांदा जाहिरात लिहिणारा म्हणाला, “याला हात लावायचा नाही. जसंच्या तसं घेऊ.”

“बाईंचं नाव नाही ना येणार?” ताईंनी विचारले.

“नाव घेऊन काय करायचंय? वाक्य पुरे.” बिस्किटांची बशी फिरली. ताईंनीही एक घेतले.

मित्रांनो, ती जाहिरात गाजली. टीव्हीवर गणवेशातली एक गोड मुलगी आईच्या कानात तेच शब्द बोलायची, अगदी तशीच अडखळत. शेवटी आई साबणाने हात धुवायची आणि मुलगी धावत येऊन ते हात गालाला लावायची. साबण हातोहात खपला. ताईंना शाबासकी मिळाली, मला नवे सेल मिळाले.

तीन महिन्यांनी कंपनीने ताईंना पुन्हा त्याच घरांत धाडले. जाहिरात पाहून गिऱ्हाइकाला काय वाटले, ते विचारायचे होते. चौथ्या मजल्यावरच्या बाईने दार उघडले आणि तिचा चेहरा खुलला. मोरीत तोच साबण होता. धुऊन धुऊन तिच्या हातांची साले निघाली होती. वास मात्र होता तिथेच होता.

“बरं झालं आलात ताई,” ती म्हणाली. “जाहिरात बघून शेजारच्या पोरीला संशय आला आणि वर्गात सगळ्यांना कळलं, सभेला आलेली तिची मावशी होती. आता पोरं तिला ‘मावशीची मुलगी’ म्हणतात. ती माझ्याशी बोलत नाही. म्हणते, मी तुला एकटीला सांगितलं होतं. मी कुणाला सांगणार हो? तुम्हालाच काय ते बोलले.”

मी ताईंच्या समोर टेबलावर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. कागदाकडे पाहिले. “साबणाचा वास कसा वाटला? खूप आवडला, बरा, की नाही आवडला?”

“बरा,” बाई म्हणाली. मग तिने आतून मुलीला हाताला धरून आणले. “ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. हिला समजावून सांगा. घरोघरी असंच असतं म्हणून दाखवतात, होय ना?”

मुलीने ताईंना विचारले, “मग त्यांना माझे शब्द कसे कळले?”

इतके साधे उत्तर होते. फक्त माझे बटण दाबायचे होते. त्यात ‘कुठं लिहू नका’ हेही होते. मी ओरडलो असतो, पण मला दुसऱ्यांचाच आवाज आहे.

“मला नाही गं माहीत बाळा,” ताई म्हणाल्या. “मी फक्त साबणाचं विचारते.” त्यांनी मला उचलले, चपला घातल्या. त्या दिवशी दारात काही विचारले नाही. बाई मात्र ताईंच्या मुठीकडे बघत राहिली.

बैठकीत दार लागल्याच्या आवाजापर्यंत मला ऐकले गेले. “पुढं जिन्यातली खडखड आहे, बंद कर,” साहेब म्हणाले. कागदावर लिहिले, गिऱ्हाईक समाधानी. नंतर सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो.

ती खडखड कुणीच ऐकली नाही. ताई घाईने उतरत होत्या आणि वर, बंद दाराआड बाई बोलत होती. “मीच सांगितलं गं. त्या ताईंना. खांद्यावर हात ठेवला, मला वाटलं, आपल्याच आहेत. त्यांना बोल लावू नकोस. चूक माझी.”

मुलगी काहीतरी बोलू लागली, तेवढ्यात ताईंनी बटण दाबले.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन माणसांना बोलते करायचे काम घ्याल, तेव्हा माझी एवढी विनंती लक्षात ठेवा. ऐकायला बसलात, तर पुरते ऐकून मगच उठा. ती मुलगी काय म्हणाली, हे मला अजून माहीत नाही.