शेंदरीबाबाची बाधा

निलंग्याकडं जाणाऱ्या फाट्यावर, महादेवाच्या देवळापुढं, सोमवारी अशी गर्दी लोटली की तिथला दगडी नंदीसुद्धा अंग चोरून बसला असता! शेंदरीबाबा अंगारा वाटत होता.

"सकाळी चिमूटभर खा, दुपारी लघवी बघा! बाधा लालभडक होऊन पडली न्हाई, तर नाव बदलतो!"

आणि ज्यानं त्यानं पाहिलं, तर खरोखर लाल!

सटवाजीला नुसता खोकला. तोही अंगारा खाऊन दुपारी बांधाआड गेला आणि हात जोडूनच परतला. बायको पुनम दोन महिन्यांपासून टीबीच्या गोळ्या घेत होती, चार महिने बाकी. बाबानं बजावलं होतं, "सरकारी गोळ्या फेक, न्हाईतर बाधा परत शिरंल."

घरी येताच त्यानं गोळ्यांची पाकिटं उचलली आणि उकिरड्याकडं निघाला.

"अहो, काय करायलात?"

"माझी बाधा लाल होऊन निघाली, पुनम! उद्या तुझी काढू."

पुनमनं पदर तोंडाला लावला. "माझी तर पहिल्या गोळीपास्नं रोज लालच हाय. औषधाचा रंग हाय म्हणल्या सिस्टर. लाजंनं बोलले न्हाई."

"रोज? मंग तुझ्यात एवढ्या बाधा मावल्या कुठं?"

गोळ्या आणि उरलेला अंगारा घेऊन दोघं आरोग्य केंद्रात गेली. सुकन्या सिस्टरनं अंगारा पाण्यात टाकला. राख तळाला, पाणी केशरी. मुदत संपलेली टीबीची गोळी कुटून दुसऱ्या ग्लासात टाकली. तेच केशरी!

पोलीस पाटलाला घेऊन सिस्टर फाट्यावर गेल्या. बाबाच्या झोळीतून त्याच औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलांचा ढीग निघाला.

"हे काय?" पाटलानं विचारलं.

"ही... बाधेची सालं!" बाबा म्हणाला. नंदी सोडून सगळे हसले.

सटवाजीला मात्र घाई. "सिस्टर, मंग पुनमला रोज तीनच्या जागी सहा गोळ्या देऊ? लवकर बरी होईल."

"लिव्हर बिघडून कावीळ होईल, भाऊ! तिच्या एक्केचाळीस किलो वजनाला तीनच. आणि कमी घेतल्या, नाहीतर अर्ध्यात सोडल्या, तर उरलेले जंतू शिरजोर होतात. मग हे औषध त्यांना लागूच पडत नाही."

तर मायबापहो, अंगारा कपाळाला खुशाल लावा. भक्तीला कुणाची ना नाही. पण औषध डॉक्टरांना विचारून, वजनाच्या मापानं, शेवटच्या दिवसापर्यंत घ्या. देवानं अक्कल दिली ती काही नवसाला ठेवायला नव्हे. सटवाजीला हे पटलं. पुढचे चार महिने रोज सकाळी तोच तीन गोळ्या मोजून पुनमच्या हातावर ठेवत होता, आणि बंद केल्या त्या तपासणी होऊन सिस्टर "आता पुरे" म्हणाल्या तेव्हाच.