हद्दीचा दगड

मास्तरांनी आपल्या स्वयंपाकघराची मागची भिंत आपल्याच हाताने पाडली आणि त्या दिवसापासून त्यांना कशाचाच अर्थ लागेनासा झाला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. टेप सतत गळ्यात. हे झोपतानाही तो काढत नसावेत, असं शेजारचा नळवाला चारचौघांत बोलून दाखवायचा. दुकानात ‘मापात पाप नाही’ अशी पाटी होती आणि गिऱ्हाइकांपेक्षा मास्तरच ती जास्त वाचत. असा माणूस मापाच्या भरवशावर स्वतःच्या घराला भगदाड पाडतो म्हटल्यावर ते माप किती पक्कं असेल, असं कुणालाही वाटेल. सगळ्या ओळीला तसंच वाटलं होतं.

ओळ म्हणजे एकाला एक चिकटलेली घरं. तोंड रस्त्याकडे, पाठ जुन्या रेल्वेकडे. रेल्वे बंद पडली, रूळ कुणी कुणी उचलून नेले, भरावाची माती लोकांनी बांधकामाला वापरली, आणि उरलेल्या जागेत काटेरी झुडपं माजली. मग निवृत्त झालेल्या नर्सबाईंच्या डोक्यात आलं की गाडी गेली ती गेली, निदान तिच्या वाटेने माणसांनी तरी चालावं. जुन्या स्टेशनापासून तलावापर्यंत पायवाट, दोन्ही बाजूंना झाडं, म्हाताऱ्यांसाठी बाकं. नगरपालिकेने परवानगी दिली, वर पाठीवर थापही दिली, आणि काम लोकांनीच करायचं असं सांगून हात झटकले. नर्सबाई खमक्या होत्या. त्यांनी दर रविवारी घराघरातून माणसं ओढून काढली, त्यांच्या हातात कोयते आणि फावडी दिली आणि सगळ्यांना कामाला जुंपलं. आयुष्यभर इंजेक्शनं दिलेल्या बाईला नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे.

आता वाट तर रुळांच्या जागीच करायची, पण रूळ होते कुठे? सपाट रानात काहीच कळेना. जुनी माणसं सांगत की रुळांच्या कडेने रेल्वेचे हद्दीचे दगड पुरलेले असायचे. शोधाशोध केल्यावर दोन सापडले. एक ओळीच्या या टोकाला, एक त्या टोकाला, सार्वजनिक नळाजवळ. माप घ्यायचं म्हणताच साहजिकच सगळे मास्तरांकडे वळले. मास्तरांनी एका दगडाला सुतळी बांधली, दुसरं टोक नर्सबाईंनी नळाजवळच्या दगडावर धरलं, आणि छपरांवरून ताणलेली सुतळी सरळ सगळ्यांच्या स्वयंपाकघरांवरून गेली. मागच्या भिंतीच्या पावलाभर आतून.

कुणी भांडलं नाही. याचं कारण चोराच्या मनात चांदणं. आपल्या बापाने नाहीतर सासऱ्याने मागची खोली वाढवताना रेल्वेची मूठभर जागा लाटली असणार, असं प्रत्येकाला आतून वाटतच होतं. पण भिंत पाडायलाही कुणी पुढे येईना. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला. तेव्हा मास्तर म्हणाले की माप माझं आहे, तेव्हा पहिली भिंत माझी. वाटेला अडचण नको म्हणून, कापडात शिवणीसाठी जास्तीचं सोडतात तशी, त्यांनी सुतळीच्या आतली दोन बोटं जागाही सोडली. सवय, दुसरं काय.

घरी सांगणं मात्र अवघड होतं. संसाराची सगळी वर्षं त्या बाईने त्या स्वयंपाकघरात काढली होती. ती आकाशपाताळ एक करील, माहेरी जायची भाषा करील, निदान रडेल तरी, अशा तयारीने ते गेले. तिने ऐकून घेतलं, चुलीवरचं भांडं उतरवलं, आणि म्हणाली, “बरं. डबे पुढच्या खोलीत नेऊन ठेवते. धूळ उडेल.”

मास्तर चक्रावले. पुढच्या रविवारी भिंत पडली, छपराला लाकडी टेकू लावले, उघड्या बाजूला दुकानातलं जाड कापड पडद्यासारखं टांगलं. बायकोने दुसऱ्याच दिवशी पडदा बाजूला सारून बांधून टाकला. वारा येतो, धूळ येते, मांजरं येतात, तरी पडदा बांधलेलाच. आणि स्वयंपाक करताना ती गुणगुणायला लागली. मास्तरांनी तिला गुणगुणताना शेवटचं कधी ऐकलं होतं ते त्यांना आठवेना, आणि ऐकलं होतं की नव्हतं हेही आठवेना. रागाची माणसाला सवय असते, तो कसा सोसायचा ते ठाऊक असतं. हे काय होतं ते त्यांना कळत नव्हतं. आतून कढ दाबून ती असं करत असेल का, या शंकेने त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

इकडे मास्तरांनी भिंत पाडल्यामुळे बाकीच्यांची पंचाईत झाली होती. शिंप्याने पाडली आणि आपण मागे, हे कसं दिसतं? शेवटी ठरलं की येत्या रविवारी सगळ्यांनी एकदमच पाडायच्या. नळवाल्याने कुठूनतरी मोठा घण पैदा केला आणि तो दाराशी ठेवून दिला. येताजाता त्याच्याकडे बघून तो सुस्कारे सोडायचा.

आणि त्याच आठवड्यात, दुकान लवकर बंद करून मास्तर एकटेच मागच्या रानात झुडपं तोडायला गेले असताना, पार पलीकडे नाल्याच्या काठाशी त्यांची कुदळ खट्‌कन लाकडावर बसली. त्यांनी माती उकरली. खाली रुळांखालचा जाडजूड लाकडी ओंडका होता, आडवा, खडीत घट्ट बसलेला. त्याच्या पुढे उकरलं तर दुसरा. त्याच्या पुढे तिसरा. मास्तर मान वळवून घरांच्या ओळीकडे पाहू लागले. रूळ जर इथे होते, तर त्यांची कड माझ्या चुलीपाशी कशी जाईल? गाडी काय तिरकी धावत होती?

त्यांनी घाईघाईने ओंडक्यांवर माती लोटली, वर फांद्या टाकल्या, आणि कुणी पाहिलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं. आपण असं का केलं हेही त्यांना समजेना. नंतर नर्सबाईंना त्यांनी आडून आडून विचारलं की इथे दुहेरी मार्ग होता काय हो. त्या म्हणाल्या, असेलही. नाक्यावरच्या सायकलवाल्याने ठामपणे सांगितलं की दुहेरी होता. त्याच्या बापाने आतून ओरडून सांगितलं की एकेरी होता आणि पोरगा वाटेल ते बोलतो. मास्तर होते त्याहून जास्त गोंधळून घरी आले.

शुक्रवारी भल्या पहाटे ते दगडांकडे गेले. या टोकाचा दगड हलवून हलेना, कमरेइतका जमिनीत रुतलेला. नळाजवळचा मात्र त्यांनी पायाने ढकलला आणि तो डुगडुगला. तो पुरलेला नव्हताच. नुसता ठेवलेला होता. वरची बाजू घासून घासून गुळगुळीत झालेली, कडांना साबणाचा पांढरा थर. म्हणजे हा कपडे धुवायचा दगड होता आणि आपण त्यावरून रेल्वे मोजली. शिंप्याचं असं आहे की कपडा शिवून हातावेगळा केला की त्याचं पुढे काय होतं ते त्याला कधी दिसत नाही. ओळीतल्या एकाही पुरुषाला तो दगड ओळखू आला नव्हता, कारण एकही पुरुष त्या नळावर कधी धुणं घेऊन बसला नव्हता.

मास्तर तिथेच उकिडवे बसले. बायकोचं स्वयंपाकघर उगाचच उद्ध्वस्त केलं होतं. आणि परवा ओळीतली सगळी घरं त्यांच्या शब्दावर घण घालणार होती. सांगावं तर जन्मभर कमावलेली अब्रू जाते. पोरंटोरंही चिडवतील. न सांगावं तर एवढ्या संसारांच्या भिंती आपल्या माथी. आणि या दोन्हीच्या आधी घरी तोंड दाखवायचं होतं. ती जे बोलली नव्हती ते सगळं आता बोलेल, आणि बोलेल ते खरंच असेल.

दिवसभर त्यांनी दोन सदरे उलटे शिवले. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर, ती उघड्या बाजूला पाय सोडून भाजी निवडत बसली असताना, ते तिच्याजवळ जाऊन बसले. मग म्हणाले, “माप चुकलं. नळाजवळचा दगड जागचा नाहीच. आपली भिंत पाडायची गरजच नव्हती.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली.

मास्तरांना आधी वाटलं की तिने नीट ऐकलं नाही.

“तो दगड आम्हीच ओढून आणला नळाशी,” ती देठ मोडत म्हणाली. “मी, नर्सबाई आणि नळवाल्या भावजींची ती. नळ नवा होता, धुवायला दगड नव्हता. नाल्याकडून ओढला. माझी कंबर आठवडाभर धरली होती.”

“नर्सबाई?” मास्तर म्हणाले. “अगं, सुतळीचं एक टोक त्यांच्याच हातात होतं.”

“हो ना.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तुमच्या हातात टेप असताना मधे बोललेलं तुम्हाला चालतं का?”

चालत नसे, हे खरंच होतं. तिने भाजीची परात बाजूला ठेवली. बाहेरच्या रानाकडे बघत ती सांगू लागली, आणि आवाजात राग नव्हता हेच मास्तरांना सोसवेना. लग्न होऊन आले तेव्हा या खोलीत पाऊल टाकलं तर भर दुपारी दिवा लावावा लागला, ती म्हणाली. मामंजींना विचारलं की खिडकी का नाही, तर म्हणाले, त्या बाजूला खिडकी ठेवली की रेल्वेवाले डोकावणार, जागेचे कागद मागणार. सगळ्या ओळीतल्या सासऱ्यांनी हेच केलं. मग गाडी बंद झाली. डोकावायला कुणी उरलं नाही. तेव्हा मी तुम्हाला म्हटलं की आता एक खिडकी करू. तुम्ही म्हणालात, करू. पुढच्या वर्षी पुन्हा म्हटलं. तुम्ही म्हणालात, करू की. मग मी म्हणायचं सोडलं.

“आणि एक दिवस तुम्ही आपण होऊन सांगायला आलात, भिंत पाडतो,” ती म्हणाली. “मी कशाला आडवी येऊ?”

मास्तरांना काहीच आठवत नव्हतं. खिडकीचं ती कधी म्हणाली, आपण कधी ‘करू’ म्हणालो, काही नाही. शेकडो माणसांच्या छात्या, बाह्या, गळे त्यांना तोंडपाठ होते. त्यांना फार वाईट वाटलं, आणि नक्की कुणासाठी वाटतंय ते ठरवता येईना. मग त्यांनी विचारलं की बाकीच्या बायकांनाही हे माहीत आहे का. ती म्हणाली की असेल, आम्ही आपसात एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर हसू आवरलं नसतं.

“उद्या मला सांगावं लागेल,” मास्तर म्हणाले.

“सांगा की. खोटं बोलायला मी कुठे सांगितलंय?”

रविवारी सगळे घरांच्या मागे जमले. पुरुषांच्या हातात घण, पहारी. बायका आपापल्या भिंतीपाशी उभ्या. मास्तरांनी मनाशी मोठं भाषण जुळवलं होतं, पण प्रत्यक्षात एवढंच बाहेर पडलं की माप चुकलंय, दगड खोटा आहे, रूळ पार नाल्याकडे आहेत, कुणी भिंत पाडू नका. आणि ते मान खाली घालून उभे राहिले.

मग नळवाला खो खो हसत सुटला आणि त्याच्यामागे बाकीचे. मापातला पापी म्हणून मास्तरांचं नवं बारसं तिथल्या तिथे झालं. खरं तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. घण खाली ठेवले गेले, कुणी तंबाखू काढली, कुणी विचारू लागलं की मग आता नाल्याकडची झुडपं तोडायला कुठून सुरुवात करायची. नर्सबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात दण्‌कन आवाज आला.

नळवाल्याच्या बायकोने नवऱ्याचा घण उचलून भिंतीवर घातला होता. बाई किडकिडीत, घण तिच्यापेक्षा जड. तो तिच्या हातून जवळजवळ निसटलाच. तिने तो पुन्हा उचलला. भिंतीचा पोपडा गळून पडला.

“अगं, माप चुकलंय,” नळवाला तिला समजावू लागला. “ऐकलं नाहीस का? पाडायची नाही आता.”

तिने ऐकलं होतं. तिसऱ्या घावाला वीट आत गेली आणि आतल्या काळोखात मुठीएवढा उजेड पडला. ती वाकून त्या भोकातून आपल्याच स्वयंपाकघरात बघू लागली. कुणी हसेना. ओळीतल्या बाकीच्या बायका एक एक करून आपापल्या नवऱ्याने खाली ठेवलेल्या हत्याराकडे चालू लागल्या, आणि पुरुष कुठे उभं राहावं ते न कळून बाजूला सरकत गेले.

नळवाला धावत मास्तरांकडे आला. त्याचा चेहरा पार गोंधळून गेला होता. मास्तरांना तो चेहरा ओळखीचा वाटला.

“मास्तर, हिला झालंय तरी काय?”

“मला कशाला विचारता?” मास्तर म्हणाले. “ती तिथे उभी आहे. तिला विचारा.”

नळवाला बायकोपाशी गेला, आणि तिचं सांगणं बराच वेळ संपेना.