मागच्या टायरांची हवा

त्र्याण्णवच्या पावसाळ्याअखेर डॉक्टरांनी बापूराव गायकवाडांच्या मणक्याचा एक्स-रे उजेडाकडे धरला आणि त्यांच्या मुलांना बाहेर बोलावलं. गाठ हाडात उतरली होती. आता यांना बसवायचं नाही, उचलताना फळीसारखं सरळ ठेवायचं आणि मनात असेल ते करू द्यायचं, एवढंच ते म्हणाले.

बापूरावांच्या मनात नागपूर होतं. छप्पन साली जालन्याकडच्या त्यांच्या गावातली सगळी वस्ती दीक्षेला निघाली, तेव्हा विशीतले बापूराव आजारी आईपाशी मागे थांबले. पुढे गावातच त्यांनी दीक्षा घेतली. मग गिरणी, भाईंदर पूर्वेची खोली, दोन पोरं, बायकोचं जाणं. दीक्षाभूमी बघायची राहूनच गेली.

"आगगाडीच्या डब्यात त्यांना आडवं न्यायचं कसं? स्ट्रेचर दारातून वळणार नाही," संध्या म्हणाली. ती थोरली, पोस्टात नोकरीला, वडिलांपाशीच राहायची.

धाकटा बुद्धभूषण स्वतःच्या मॅटॅडोरने स्टीलच्या कारखान्यांचा माल पोचवायचा. तो म्हणाला, "मग गाडीतच घर करू, अक्का."

दसऱ्याला अजून अवकाश होता. सुताराने गाडीत पलंग ठोकला. त्यावर जाड गादी, बाजूला कडप्प्याचा छोटा ओटा आणि स्टोव्ह, कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, एक लोखंडी कपाट. संध्याने खिडक्यांना पडदे शिवले. बिल्डिंगमधले लोक येऊन बघून जायचे. "पूरा घर बना दिया," शेजारची गुजराती बाई म्हणाली.

एका रविवारी बापूरावांना गाडीत झोपवून दोघं भाऊबहीण जवळच्या समुद्रकाठी, तारोडीला निघाली. एवढ्या अंतरावर कसं जमतंय ते बघायचं होतं. बुद्धभूषणने हवा नेहमीसारखीच भरून घेतली होती, टायर दगडासारखे टणक. तो माल न्यायचा आणि मालाला दुखत नसतं. पहिल्याच खड्ड्यात बापूराव ओरडले. दुसऱ्यात संध्याने भावाला गाडी थांबवायला लावली.

"हवा सोड. मागची तरी सोड."

"वजन आहे अक्का मागे."

"त्यांचा चेहरा बघ आधी."

त्याने पाहिला आणि टायरचा वॉल दाबून बरीच हवा सोडून दिली. टायर खाली पसरले. गाडी डुलत, सावकाश निघाली. बापूराव शांत झाले. तारोडीला मागचं दार उघडून त्यांनी समुद्र पाहिला, बशीतला चहा घेतला आणि म्हणाले, "लई बेस. असं तर म्या कुठंबी येईन."

संध्या हसली. कितीतरी दिवसांनी हसली. बुद्धभूषण मात्र मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. त्याने टायरच्या बाजूला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तो बराच वेळ उठला नाही.

घरी आल्यावर त्याने बहिणीला जिन्यात गाठलं. "हवा कमी म्हणून टायर तारोडीपर्यंतच एवढा तापला. हायवेला उन्हात दिवसभर चाललो तर फुटेल. मागचा फुटला की गाडी उलटते, अक्का. आबा आत बांधलेले असणार."

"मग नेऊच नको म्हणतोस?"

"नेणार. पण असं नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी काशीमिऱ्याच्या वजनकाट्यावर चढवली. आधी सगळी, मग फक्त मागची चाकं. जवळपास सगळा भार मागेच होता. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून ओटा उखडला, कपाट उतरवलं, ड्रम ड्रायव्हरच्या पाठीशी आणला. संध्याने स्वतःची ट्रंक काढून दोन साड्या पिशवीत घातल्या. परत काटा केला, टायरच्या दुकानात जाऊन त्या वजनाला किती हवा लागते ते विचारलं. आता मालाच्या वेळेपेक्षा कमी चालणार होती. पण तारोडीच्या दिवशी होती तितकी कमी नाही.

निघायच्या सकाळी टायर थंड असताना त्याने चारही चाकं आणि स्टेपनी मीटर लावून तपासली.

काशीमिऱ्यापर्यंत ठीक गेलं. घोडबंदरच्या रस्त्याला पावसाने चाळण केली होती. बापूराव आधी दात दाबून होते. मग कण्हायला लागले. मग रडायला लागले. संध्याने वडिलांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"बुद्धा, जरा हवा सोड की रं. त्या दिवशी सोडली व्हतीस ना?"

गाडी कडेला थांबली. बुद्धभूषण स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिला.

"नाही सोडणार आबा."

"अरे, बाप हाय मी तुझा."

"म्हणूनच नाही सोडणार."

"तू नको सोडूस," संध्या म्हणाली. "मी सोडते. मला येतं."

"सोड. मग गाडी इथूनच माघारी वळवेन."

ती खाली उतरली. मागच्या चाकापाशी गेली, वॉलची टोपी काढली. आतून बापूरावांचं कण्हणं ऐकू येत होतं. तिने समोरचा रस्ता पाहिला. टोपी परत बसवली, पदर कमरेला खोचला आणि गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"माझ्या मागून ये," ती ओरडली.

ती चालायला लागली. खड्डा आला की हाताने डावं-उजवं दाखवायची, मोठा असला की थांबून स्वतः त्याच्या काठावर उभी राहायची. मॅटॅडोर तिच्या चालीने मागे येत होती. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. एकाने विचारलं, "क्या हुआ बहनजी, ब्रेक फेल?" तिने मान हलवली आणि चालत राहिली. चप्पल तुटली तेव्हा तिने दुसरीही काढून हातात घेतली.

चांगला रस्ता लागला तेव्हा ती आत येऊन बसली. बापूरावांनी तिचे चिखलाने भरलेले पाय पाहिले. पुढे नागपूरपर्यंत त्यांनी हवेचं नाव काढलं नाही. वाईट रस्ता आला की ती उतरायची आणि ते तोंडात टॉवेल धरायचे.

नागपूरला गर्दीने स्ट्रेचरला वाट दिली. स्तूपाचं काम अजून चालू होतं. बापूराव म्हणाले, "खाली ठिवा मला. भुईवर." संध्याने चादर अंथरली. बाजूच्या अनोळखी बायका त्रिशरण म्हणत होत्या. त्यांच्या बरोबर बापूरावांचे ओठ हलले. डोळे कोरडे होते. बराच वेळ ते वर आभाळाकडे बघत पडून राहिले.

त्या संध्याकाळी गाडीच्या पायरीवर बसून संध्या भावाला म्हणाली, "घोडबंदरला तू हवा सोडली असतीस तर मला बरं वाटलं असतं."

"मलाही," तो म्हणाला. "त्यांचा आवाज अजून कानात आहे."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो झोपायला उठेपर्यंत काढला नाही.

जानेवारीत एका दुपारी बापूराव घरातच गेले. तेरा-चौदा दिवसांनी दोघं खाली उतरली आणि गाडीतला पलंग सोडवायला लागली. स्क्रू गंजले होते. संध्याने फळी धरली, बुद्धभूषण एकेक फिरवत गेला, आणि दोघांपैकी कुणीही घाई केली नाही.