निर्जंतुक

माझ्या नवऱ्याचं मोठं आतडं वाचवायला त्याच्या थोरल्या भावाची विष्ठा लागणार होती, आणि आमच्या घरात तो शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती. सासूबाई नुसतं 'ते' म्हणायच्या. थोरले भाऊजी 'माल' म्हणायचे. रोज सकाळी नाश्त्याला बसले की "माल तयार आहे, गिऱ्हाईक कुठंय?" असं विचारून स्वतःच खो खो हसायचे. त्यांना सगळे पैलवान म्हणतात. दगड खाल्ला तरी पचेल असा माणूस, त्यामुळे त्यांना हसणं परवडत होतं.

नवरा बांधकामावरची उंच क्रेन चालवायचा. तिथं वर केबिनमध्ये संडास नसतो, आणि त्याला तर उठल्यापासून झोपेपर्यंत धावतच राहावं लागायचं. रक्त पडायचं. आधी क्रेन सुटली, मग जेवण सुटलं, मग पँट कमरेवर टिकेना. गोळ्या झाल्या, स्टिरॉइड झाली, इंजेक्शनं झाली. आतड्याची सूज काही हटेना.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. आतड्यात असंख्य जंतू राहतात आणि त्यांतले पुष्कळसे आपलेच पोशिंदे असतात. आपल्याला न पचलेलं ते खातात, त्यातून आतड्याच्या भिंतीला लागणारं खाद्य तयार करतात, शरीराच्या फौजेलाही ताब्यात ठेवतात. याच्या पोटातली ती वस्ती उठली आहे आणि फौज घरच्याच भिंतीवर चालून गेली आहे. तेव्हा निरोगी माणसाच्या पोटातले जंतू आणून तिथं वसवून पाहू. खात्री नाही, तिघांत एखाद्याला गुण येतो. नाहीच आला तर मोठं आतडं काढायचं आणि पोटाला पिशवी लावायची.

नवऱ्याने तेवढाच एक शब्द ऐकला, पिशवी. त्या दिवसापासून तो माझ्याशी दुसऱ्या कशाबद्दल बोललाच नाही.

सासूबाईंनी काय ऐकलं ते मला कळायला हवं होतं. धाकट्याला हे दुखणं लागलं तेव्हा नात्यातल्या चारजणींनी तोंड वर करून विचारलं होतं, घरात काय खायला घालता? त्यांनी ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून फरशी दोनदा पुसायची, भांडी उकळत्या पाण्यातून काढायची, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. मी एकदा म्हटलंही, आई, आता आम्हालाही भिजत घाला. त्या हसल्या नाहीत.

पैलवानांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, ते पास झाले आणि आमच्याकडे राहायला आले. बाहेरचं खायचं नाही, कुठलंही औषध घ्यायचं नाही, अशा अटी होत्या. त्यांच्या जेवणाखाण्याचं सगळं सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. मला जरा बरंच वाटलं, कारण माझ्या शिवणाच्या ऑर्डरी खोळंबल्या होत्या.

ठरलेल्या दिवशी सकाळी पैलवानांनी डबा नर्सच्या हातात दिला. तिने विचारलं, मधे काही औषध घेतलं? ताप, जुलाब? ते नाही म्हणाले आणि चहा आणायला खाली गेले. डबा प्रयोगशाळेत गेला. नवरा आतल्या खोलीत टेबलावर आडवा होता. पोट साफ करण्याच्या औषधाने तो पार पिळून निघाला होता, पण मी डोकावले तेव्हा हसला. कितीतरी महिन्यांनी हसला.

मी आणि सासूबाई बाहेर बाकावर बसलो. त्या माझ्याकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता काळजी सोड. मी सगळं साफ करून दिलंय."

मी विचारलं, काय साफ केलंत? तेव्हा त्यांनी सांगितलं. धाकट्याच्या जुन्या औषधांत जंतू मारायच्या गोळ्या उरल्या होत्या. त्या कुटून गेला आठवडाभर त्यांनी पैलवानांच्या दुधात घातल्या. जंतूंसकट कसं द्यायचं आपल्या लेकराला? थोरल्याचं पोट आधी आतून स्वच्छ झालेलं बरं. बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता तोंड उघडलं तर अख्खा मजला गोळा होईल, म्हणून मी पदर तोंडात कोंबला. समोरून नर्स गेली. तिला विचारलं, किती वेळ? ती म्हणाली, गाळून होतंय, झालं की लगेच.

मग मनात जे आलं ते सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसले तर कुणाला कळणार आहे? तिघांत एखाद्यालाच गुण येतो, आपण उरलेल्या दोघांतले निघालो म्हणायचं. तो हसतोय तेवढा हसू दे. आणि सासूबाई वाचतील. त्या माझ्या कोण लागून गेल्यात असं मी शंभरदा म्हटलं असेल, पण त्या क्षणी मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

पण ते जाणार होतं त्याच्या आत. जिथं आधीच रक्त झिरपतंय तिथं, त्या गोळ्यांनाही पुरून उरलेलं न जाणो काय काय घेऊन.

"आई," मी म्हटलं, "विरजण उकळून दुधात घातलं तर दही लागतं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दही त्यांच्या हातचं लागतं तसं कुणाचं लागत नाही. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मी उठायला लागले तर त्यांनी माझा दंड धरला.

"तू नको. तू सांगितलंस तर ती चहाडी होईल. चूक माझी आहे, मला सांगू दे."

त्यांनी दार ढकललं. डॉक्टरीणबाईंच्या हातात तपकिरी द्रवाने भरलेली मोठी सिरिंज होती. आत यायला मनाई आहे, असं नर्स म्हणेपर्यंत सासूबाई टेबलापाशी पोचल्या होत्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, गोळ्यांचं नाव, दूध, आठवडा, सगळं. एकदाही रडल्या नाहीत. मी दारात उभी होते. माझ्यामागे पैलवान चहाचे कप घेऊन आले होते, त्यांनीही ऐकलं.

"तरीच," ते म्हणाले. मग मान खाली घालून त्यांनी कबूल केलं की परवापासून त्यांना जुलाब होत होते. सांगितलं तर नापास करतील म्हणून लपवलं. पैलवानाचं पोट बिघडलं हे कुणाला सांगायचं, असंही म्हणाले. ही गंमत करायची वेळ नाही हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर बोलून गेले होते.

डॉक्टरीणबाईंनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. हे देता येणार नाही, त्या म्हणाल्या. जे जंतू हवे होते ते गेले असणार, आणि जे उरलेत ते सुजलेल्या आतड्यात सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. मी विचारलं, दुसरं कुणी देऊ शकेल का, मी देते. त्या म्हणाल्या, तपासण्यांनाच महिना जाईल आणि हे आतडं महिना थांबणार नाही. आता ऑपरेशनच.

नवरा छताकडे बघत होता. सासूबाई त्याच्या उशाशी उभ्या होत्या, हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. "मी घालवलं रे तुझं आतडं," त्या म्हणाल्या.

नाही गं आई, असं तो म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते. कुणीही तेच म्हणालं असतं. मीसुद्धा म्हणाले असते.

"एक संधी होती," तो म्हणाला. "ती तू घालवलीस. ते मी खोटं कशाला बोलू?"

सासूबाईंनी मान हलवली.

"आणि तू आत्ता आत आली नसतीस," तो तशाच आवाजात पुढे म्हणाला, "तर ते माझ्या पोटात गेलं असतं. तेही खरंच आहे."

मग त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, पिशवी कशी बदलायची ते कोण शिकवतं? नर्स शिकवेल, त्या म्हणाल्या, घरातल्या एखाद्याने बरोबर शिकून घेतलं तर सोपं जातं. मी पुढे झाले. तो माझ्याकडे बघून नको म्हणाला.

"तुझ्या ऑर्डरी पडल्यात," तो म्हणाला. "आईला शिकवा. तिचा हात स्वच्छ असतो."

तेव्हा कुठं सासूबाई रडल्या.