देवीचे मिटलेले डोळे आणि कुंकू लागलेला कीबोर्ड

आमगावात स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर दुर्गाप्रसादचा लाकूडकामाचा कारखाना आहे. त्या सकाळी तिथे एवढी गर्दी लोटली होती की चपला रस्त्यापर्यंत आल्या होत्या. घडलेही तसेच होते. कॉम्प्युटरवर चालणारे कोरीवकामाचे मशीन देवघरांच्या दारांवर देवी कोरत होते, आणि लागोपाठ सात दारांवर देवीने डोळे मिटून घेतले होते! मुकुट जागच्या जागी, हार जागच्या जागी, फक्त डोळे बंद. नवरात्र पंधरा दिवसांवर आलेले आणि देवी आमगावकडे बघायलाच तयार नाही, ही काय लहानसहान बातमी झाली?

निदानासाठी यंत्रानंद महाराज आले होते. ट्रॅक्टर, मोटारपंप, राइस मिल अशा सगळ्या निर्जीव वस्तूंच्या मनातले त्यांना कळत असे.

"मशीन में भी प्राण होता है!" महाराज गरजले. "या यंत्राले कोनाचा हात लागते?"

सगळ्यांच्या माना रेणूकडे वळल्या. मनिरामची ही मुलगी आयटीआय शिकून वर्षभर ते मशीन चालवत होती. नोकरी टिकली तर लग्नाचे पुढे बघू, असा बापलेकीत करार झाला होता. म्हणजे मशीन सुटले की बोहला ठरलेला.

"बाईचा हात! म्हनून देवी रुसली," महाराजांनी निकाल दिला. देवी स्वतः बाईच आहे, हे त्या क्षणी कुणाच्याही ध्यानात आले नाही.

रेणूला दाराशी उभे केले गेले. महाराजांनी धूप पेटवला, कुंकवाने बोटे माखली आणि मशीनच्या कानात मंत्र सांगायचा म्हणून स्वतःसकट कॉम्प्युटरवर भगवे कापड ओढून घेतले. आत पुटपुट झाली. बाहेर भजन झाले. मग मशीन सुरू झाले, आणि तासाभराने आठव्या दारावर देवी टपोऱ्या डोळ्यांनी बघत होती.

जयजयकार झाला. दुर्गाप्रसादने महाराजांच्या पायावर डोके ठेवले आणि उठता उठता, तिच्याकडे न बघताच म्हणाला, "रेणू, उद्यापासून येऊ नको बाई."

रेणूला रडू आले. रागही आला, आणि तो जास्त होता. प्रत्येक दारानंतर तिने लाकूड तपासले होते, पाते बदलले होते, चित्र दहादा पाहिले होते. चूक सापडली नव्हती. पण आताच्या दाराला तास लागला, हे तिला खटकले. गेल्या आठवड्यातली दारे तर पस्तीस मिनिटांत होत होती! तेव्हा तिला वाटले होते, काकाजींनी, म्हणजे दुर्गाप्रसादने, मशीनला तेलपाणी केले असेल.

लोक प्रसादावर तुटून पडले होते. ती आपला डबा घ्यायला आत गेली आणि कीबोर्डपाशी थबकली. मंत्र मशीनच्या कानात सांगितला होता, पण कुंकू मात्र कळांवर लागले होते. शून्य, टिंब, दोन आणि एंटर. तेवढ्याच चार कळांवर! पडद्यावर मशीनला दिलेल्या जुन्या आज्ञांची यादी होती. तिने वाचली आणि डबा खाली ठेवला.

"काकाजी, महाराजाइले म्हना, अजून एक डाव मंत्र म्हना. पन कापड नाही घ्यायचं," ती मोठ्याने म्हणाली.

"काऊन?" गर्दीतून शामकलाबाई ओरडल्या. सातातले एक दार त्यांचेच होते.

"पाहा तर जी."

तिने लाकडाचा एक तुकडा लावला आणि फक्त देवीचा चेहरा कोरायला घेतला. महाराजांनी नाइलाजाने मशीनवर हात ठेवला. रेणूने सर्वांसमक्ष एकेक कळ दाबली. यादीत गेल्या आठवड्यापासून असलेला आकडा: शून्य, टिंब, पाच.

"अरे पागल, इतना मत दे!" महाराजांच्या तोंडून सुटले. "कोना कट जाएगा, आँख भर जाएगी!"

भजनाची झांज थांबली. मशीन भर्रकन फिरले आणि महाराजांचा हात मशीनवर असतानाच देवीने डोळे मिटले.

"हे तुमाले कसं माहीत जी?" रेणूने विचारले. "कोन्या कारखान्यात होते तुमी?"

"रायपूर... दो साल," महाराज पुटपुटले आणि चपला शोधू लागले. त्या ढिगात त्या लवकर सापडेनात, हाच काय तो त्या दिवशीचा दैवी कोप.

रेणूने मग त्याच चार कळा दाबल्या, मंत्राशिवाय, बाईच्या हाताने. देवीने डोळे उघडले.

"धानाच्या बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून सायकल चालवता ना?" ती म्हणाली. "वळनावर ब्रेक लावा लागते. नाही लावला तं कोपरा सोडून धानातून जाता. मशीनचंही तसंच. ह्या आकड्यानं आपन तिले सांगतो का रेघ किती सोडली तं चालते. अर्धा मिलिमीटर सोड म्हटलं का ते ब्रेक लावत नाही, पयते. पन देवीचा डोळा तांदळाच्या दान्याएवढा. वरून अर्धा, खालून अर्धा गेला, तं राहिलं काय? रुसली नाही जी ते, घाईत बुजली."

"मंग तो आकडा टाकला कोनं?" शामकलाबाईंनी विचारले.

दुर्गाप्रसादने घाम पुसला.

"मीच," तो म्हणाला. "मशीनवाल्याले फोन केला होता, जल्दी कसं होईल म्हनून. त्यानं सांगितलं, मी टाकला. लोकं जमले तवा सांगायची लाज वाटली." त्याने कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली रेणूच्या हातात दिली. "उद्या लवकर ये."

जलद हवे की नेमके हवे, हे माणसानेच ठरवायचे असते. मशीन सांगितले तेवढेच करते. त्याचे बिघडले तर आधी विचारा, काय बदलले, कधी बदलले, कुणी बदलले. एवढे तीन प्रश्न त्या गर्दीत एकाने विचारले असते, तर एका पोरीला दाराशी उभे राहावे लागले नसते.

सात दारे नव्याने करायची ठरली. शामकलाबाईंनी मात्र आपले जुने दार परत द्यायला नकार दिला.

"हेच राहू दे माह्या घरी," त्या म्हणाल्या. "रेणूच्या नावानं मीबी बोटं मोडली होती. देवीसमोर बसली का आठवन राहीन."