पाय गार असल्यास

लाल पेन्सिलीचं टोक फार बारीक होतं, मुद्दाम आपल्यासाठीच काढून आणलेलं... असं यशोधराला वाटलं, आणि तेवढ्यात शामकांत सरांनी ते तिच्या ओळीवरून फिरवलंही. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात भिनलेल्या रुग्णांसाठी इस्पितळाचे नियम ठरत होते. चार फिजिशियन, त्यांत सर सर्वांत ज्येष्ठ, ती सर्वांत धाकटी. तिची ओळ एवढीच — ताप असून पाय गार लागल्यास रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करावे.

"पेशंट पायांना हात लावू देत नाहीत, यशोधरा," सर मऊपणे म्हणाले. "आपल्याकडे ते चालत नाही."

आपल्याकडे म्हणजे कुणाकडे? कुणाचाही हात चालत नाही, की माझा? सर तसे नाहीत, हे तिला ठाऊक होतं... पण कोल्हारच्या शाळेतले मास्तरही तसे नव्हतेच, तरी तिच्या हातचं पाणी त्यांनी कधी मागितलं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; मी तर पाणीही फुंकून पिते. आणि बायडाबाई? याच इस्पितळातली ओली बाळंतीण, अंगात ताप, पाय मात्र माठाच्या बुडासारखे गार — सगळे रिपोर्टची वाट पाहत बसले, आणि तो येईपर्यंत ती गेली. ती काय पेन्सिलीनं खोडता येते?

त्याच रागात ती वॉर्डात आली. तापानं फणफणलेल्या पुंजारामचं ब्लँकेट तिनं उचललं, तर म्हाताऱ्यानं पाय पोटाशी ओढले.

"नका वो बाई. मोट्या डाक्टरीन तुमी, पायाला हात लावता... पाप लागंल मला."

म्हणजे सर खरं बोलले होते. तिला त्याचाच जास्त राग आला, आणि पाय न बघताच ती पुढे गेली.

दुपारी चुटपुट लागून ती परतली, तर सर पुंजारामच्या पायथ्याशी पाठमोरे उभे, हात ब्लँकेटखाली. या वेळी म्हाताऱ्यानं पाय ओढले नव्हते. सरांचा हात चालतो तर — तिच्या मनात पहिलं हेच आलं. त्याच्यात पाय ओढायचं त्राणच उरलं नसेल, हे नंतर.

"गार आहेत," सर वळून म्हणाले. "सिस्टर, अँटिबायोटिक लावा. रिपोर्ट नंतर बघू."

तिची ओळ आता परत येईल की सरांच्या नावानं येईल, कोण जाणे... पण तिला ते टोचत नव्हतं, टोचत होतं ते दुसरंच. सरांचा हात ब्लँकेटखाली होता, त्या क्षणी पाय गारच निघावेत असं मला वाटलं होतं, माझी ओळ खरी ठरावी म्हणून. पुंजाराम डोळे मिटून पडला होता. ती सलाईनचे थेंब बघत उभी राहिली, सरांकडे बघायचं तिचं धाडस होईना.